‘जसे आम्ही ऋण सोडले आहे’ ही ओळ ओठांवर अडते तेव्हा

प्रश्न: आम्ही नाशिक रोडला राहतो. वडील प्रेसमधून निवृत्त झाले होते. ते वारले तेव्हा आई आधीच गेलेली होती. आम्ही दोघंच भावंडं. ‘वारसनोंदीला सह्या लागतात’ असं सांगून दादा मला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेऊन गेला. मी न वाचता सही केली. गेल्या नाताळात दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या जमिनीचा सातबारा काढला, तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. तेव्हापासून घरच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ या ओळीपाशी माझा आवाज बंद होतो. अकरा वर्षांची मुलगी विचारते, ‘आई, तू तिथे गप्प का होतेस?’ मंडळीतले वडीलधारे म्हणतात, क्षमा कर, कोर्टात जाऊ नकोस, नाहीतर देव तुझं ऐकणार नाही. माझी प्रार्थना खरंच पोचत नाही का? आणि क्षमा करणं म्हणजे गप्प बसणं का?

उत्तर:

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाशिक आणि आसपासच्या मंडळ्यांत मी 36 वर्षं पाळक होतो. एवढ्या वर्षांत प्रभूची प्रार्थना लग्नात ऐकली, दफनभूमीत ऐकली, दवाखान्यात खाटेपाशी ऐकली. रोजची भाकर मागून झाली की पुढची ओळ बहुतेकांच्या तोंडून सवयीने निघून जाते. तुमचा आवाज तिथे बंद होतो, कारण तुम्ही ती ओळ ऐकली आहे आणि देवापुढे तुम्हाला खोटं बोलवत नाही. हे आधी सांगतो, कारण गेले काही महिने तुम्हाला याच्या उलटच ऐकवलं गेलं असणार.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरंही आधीच देऊन टाकतो. तुमची प्रार्थना पोचते. आणि क्षमा करणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. तिसरा एक प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो पत्रात आहे: मला क्षमा न करण्याची मुभा मिळेल का? ती मी देऊ शकत नाही, ताई. ही प्रार्थना प्रभूने शिकवली आहे. तिच्यातली ओळ गाळायचा अधिकार पाळकाला नाही. पण क्षमा म्हणजे काय हेच तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं असेल, तर ज्याला तुम्ही नकार देत आहात ती कदाचित क्षमा नसेलच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ती ओळ अशी आहे: ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तूही आमची ऋणे आम्हांला सोड.’ आपले कॅथलिक बांधव ‘अपराध’ आणि ‘क्षमा’ असे शब्द म्हणतात. लूकमध्ये ‘पापांची क्षमा’ आहे. मत्तयाने मात्र सावकाराच्या वहीतला शब्द ठेवला. येशू बोलत असे त्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चाले, त्यामुळे ऐकणाऱ्यांना तो परका वाटला नसणार. आणि मला वाटतं, आपल्याकडच्या माणसालाही तो परका नाही. सोसायटीचं कर्ज, द्राक्षाच्या औषधांची दुकानदाराकडची उधारी, लग्नासाठी काढलेले पैसे. ऋण म्हणजे काय हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता ‘सोडणे’ पाहा. ग्रीकमध्ये तिथे ‘आफिएमी’ हे क्रियापद आहे आणि मराठीतलं ‘सोडणे’ त्याला इतकं चपखल बसतं की भाषांतर करणाऱ्यांचे मी मनोमन आभार मानतो. पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथे हेच क्रियापद. पेत्राच्या सासूला तापाने सोडलं, तिथेही हेच. त्याचं नाम ‘आफेसिस’. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा ग्रंथ उघडून धरून नेलेल्यांच्या सुटकेचं वचन वाचलं; ती सुटका म्हणजे आफेसिस, आणि आपण पापांची क्षमा म्हणतो तीही आफेसिसच.

शरणपूर रोडवरून आपण सगळेच जातो-येतो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या त्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आणून ठेवली होती, शिकवली होती. त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचा देह आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. ‘आफेसिस’ शिकवताना मला ती मुलं नेहमी आठवतात. त्यांच्या बेड्या काढल्या, पण बेड्या घालणाऱ्यांनी काही वाईट केलंच नव्हतं असं कुणी म्हटलं नाही. सुटका झाली आणि गुन्हा गुन्हाच राहिला.

तुमच्या बाबतीत इथेच घोळ झाला आहे. ‘क्षमा कर’ म्हणताना लोकांना ‘झालं ते मोठं नव्हतं असं म्हण’ असं म्हणायचं असतं. आपल्याकडे त्यासाठी ‘जाऊ दे’ हा शब्द तयारच असतो. ‘जाऊ दे’ हा दमलेल्या माणसाचा शब्द आहे. काय गेलं, किती गेलं, हे त्यात कुणी पाहत नाही. ऋण सोडणारा आधी वही उघडतो, आकडा वाचतो आणि मग सोडतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला आठवा. राजा कर्ज सोडतो, पण दाखल्याची सुरुवात होते ती हिशेब घेण्यापासून. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या चाकराचं देणं 10,000 तालांत आहे. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी; वर्षाला 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं. फिटणं शक्यच नाही. दुसऱ्या चाकराचं देणं 100 दिनार. उपदेश करताना आम्ही पाळक हा आकडा ‘अगदीच किरकोळ’ म्हणून उडवतो. मीही उडवत असे. एकदा निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या बायकांच्या प्रार्थनासभेत मी तसं बोललो. एकीने हात वर केला आणि म्हणाली, ‘पाळकसाहेब, 100 दिवसांची मजुरी किरकोळ कशी? तेवढ्यात माझ्या पोराची फी आणि घरातला किराणा निघतो.’ त्या दिवसापासून मी ‘किरकोळ’ म्हणत नाही. राजाच्या सोडलेल्या कर्जापुढे ते लहान आहे. स्वतःच्या जागी ते लहान नाही, आणि येशूने ते लहान आहे असं कुठे म्हटलेलंही नाही.

तुम्ही ज्या कागदाने फसलात त्याच्याच भाषेत सांगतो. हक्कसोडपत्रात गट नंबर लागतो, क्षेत्र लागतं, चतुःसीमा लागतात. काय सोडलं ते न लिहिता दस्त होत नाही. तुमच्याकडून एक हक्कसोडपत्र न वाचता सही करून घेतलं गेलं. आता मंडळीतले वडीलधारे क्षमेच्या नावाने दुसरं मागत आहेत, आणि तेही न वाचताच सही करा म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नसेल, त्यांना घर मोडायला नको असेल. तरी या दुसऱ्या कागदावर सही करण्याआधी तो नीट वाचा. देव तुमच्याकडून कोणता हक्क सोडून मागतो? दादाने दिलेलं दुखणं दादाला परत देण्याचा. त्याचं वाटोळं व्हावं म्हणून वाट पाहत बसण्याचा. त्याच्या मुलांच्या आजारपणात, त्याच्या पिकाच्या नुकसानीत मनातल्या मनात वसुली करण्याचा. जमिनीतला हिस्सा या यादीत येत नाही. तो प्रश्न वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

‘देव तुझं ऐकणार नाही’ असं तुम्हाला ज्या वचनावरून सांगितलं, ते प्रभूच्या प्रार्थनेला लागूनच आहे, मत्तय 6:14-15. आपण लोकांना क्षमा केली नाही तर पिताही आपल्याला क्षमा करणार नाही, असं ते स्पष्ट म्हणतं. त्याची धार मी बोथट करणार नाही. मात्र दाखल्यातल्या चाकराला कोणत्या क्षणी दोष लागला ते बघा. स्वतःचं डोंगराएवढं देणं सुटल्यावर तो बाहेर येतो, पाया पडून मुदत मागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. समोरचा गयावया करतो आहे आणि हा ऐकत नाही. तुम्ही कुणाचा गळा धरलेला नाही. तुम्ही देवापुढे बसून रडत आहात की मला हे जमत नाही. दार लावून घेणारा आणि दाराशी अडखळलेला, दोघांना एकच वचन एकाच सुरात ऐकवणं हा शास्त्राचा गैरवापर आहे.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट. शास्त्रात क्षमेबद्दल दोन वेगळी वचनं आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. मार्क 11:25 मध्ये येशू म्हणतो, तुम्ही प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. इथे तो दुसरा माणूस हजरच नाही. त्याने माफी मागितली का, त्याला पस्तावा झाला का, याची चौकशीच नाही. हे तुमच्या आणि देवाच्या मधलं काम आहे आणि ते दादा कसाही वागला तरी करता येतं. लूक 17:3 मध्ये मात्र येशू म्हणतो, भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. इथे दोघं समोरासमोर आहेत. आधी दोष दाखवायचा आहे, मग पश्चात्ताप, मग मेळ. पहिलं काम तुमच्या एकटीच्या हातात आहे. दुसरं नाही. दादाने चूक कबूल केल्याशिवाय मेळ होत नसेल तर त्याचा दोष तुमच्या माथी येत नाही, आणि तेवढ्यावरून तुमची पहिली क्षमा खोटीही ठरत नाही.

याकोब आणि एसावाची भेट उत्पत्तीच्या 33 व्या अध्यायात आहे. याकोबाने ज्या भावाचा आशीर्वाद फसवून घेतला तोच धावत येतो, गळ्यात पडतो, दोघं रडतात. आपण उपदेश तिथे थांबवतो. अध्याय थांबत नाही. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब सबब सांगतो. एसाव सेईरला जातो आणि याकोब सुक्कोथला. मेळ झाला आणि घरं वेगळीच राहिली. शास्त्राने त्याबद्दल कुणालाही बोल लावलेला नाही. भावांनीच विकून टाकलेल्या योसेफाने तर त्यांना ओळख देण्याआधी किती पारखून घेतलं! रडायला आलं की तो आत जाऊन रडत होता, पण ओळख देत नव्हता. ते कठोरपण नव्हतं. धाकट्या बन्यामिनालाही हे तसंच विकतील का, हे त्याला बघायचं होतं.

आपल्या जलालपूरची लेक लक्ष्मीबाई टिळक आठवा. 1895 साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोघांची ताटातूट झाली. त्या परत आल्या त्या काही वर्षांनी, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या गतीने. 1900 साली बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःला पटल्यावर. तिथे अपराध कुणाचा हा प्रश्न मी उकरत नाही. घरात पडलेली भेग बुजायला वर्षं लागतात आणि दुसऱ्याने घाई करून ती बुजत नाही, एवढंच त्यातून घेतो.

घाईचं पाप माझ्या हातून झालेलं आहे. 1990 च्या दशकात एका खेड्यातल्या मंडळीत असताना एक बाई माझ्याकडे आली. नवरा मारत होता. तो माझ्यापुढे रडला, गुडघे टेकले. मी दोघांसाठी प्रार्थना केली आणि तिला म्हणालो, ‘बाई, प्रभूने साताच्या सत्तर वेळा सांगितलंय, घरी जा.’ ती गेली. तीन आठवड्यांनी तिचा हात प्लास्टरमध्ये होता. साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगणाऱ्या येशूने साताच्या सत्तर वेळा मार खायला सांगितलेलं नाही, हे मला त्या बाईच्या हाडाच्या किमतीवर कळलं. तिने मला क्षमा केली. मी तिच्याकडे ती मागायला गेलो होतो. तेव्हापासून घरात मारहाण असेल तर मी आधी तिची राहण्याची सोय पाहतो, वकील पाहतो, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल सांगतो. क्षमेचं बोलणं त्यानंतर, आणि तेही तिने काढलं तर.

आता कोर्ट. वडीलधाऱ्यांच्या बाजूने एक वचन खरंच आहे, ते मी लपवणार नाही. करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल रागावतो: तुम्ही विश्वासणारे एकमेकांवर फिर्यादी कसल्या करता, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? पण त्याच परिच्छेदात तो आधी विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? आणि लगेच पुढे जे अन्याय करतात, भावांना नाडतात, त्यांना तो झोडपतो. तुमच्यापर्यंत फक्त मधलं वाक्य पोचलं. म्हणून माझा सल्ला असा: त्याच वडीलधाऱ्यांकडे जा आणि म्हणा, हे वचन तुम्ही मला दाखवलंत, आता त्यातलं तुमचं काम करा. दादाला बोलवा, दस्ताची नक्कल आणि सातबारा टेबलावर ठेवा, आणि दोन महिन्यांत निवाडा द्या. त्यांना ते करायचं नसेल तर तुम्हाला कोर्टापासून अडवायचा अधिकारही त्यांनी गमावला. पौलावर अन्याय होऊ लागला तेव्हा त्यानेही रोमच्या कैसराकडे दाद मागितली होती.

मुदत सांभाळा. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. तुम्हाला गेल्या नाताळात कळलं, म्हणजे वेळ आहे, पण बैठकांत तो घालवू नका; वकिलाचा सल्ला आत्ताच घेऊन ठेवा. आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि आई नसेल तर मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी असतात. तुम्ही मागताय तो तुमचा अर्धा हिस्सा आहे. दादाने मेहेरबानी म्हणून द्यायची ती वस्तू नाही. आणि दावा लावला तरी मध्यस्थीचा रस्ता तिथेही खुला असतो.

पूर्ण विचार करून, कागद वाचून, उद्या तुम्हीच ठरवलंत की मला ही जमीन नको, भावासाठी सोडते, तर ते दान होईल, आणि मोठं दान होईल. पण दान तुमच्याकडून वसूल करायचा हक्क मंडळीला नाही, दादाला नाही, मलाही नाही.

क्षमा आणि कायदा एकत्र नांदू शकतात का, असं कुणी विचारलं की मी ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव घेतो. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, तिमथी ही दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांनी जाहीरपणे क्षमा केली आणि बारीपद्यात कुष्ठरुग्णांची सेवा पुढेही चालू ठेवली. खटलाही चालला, शिक्षाही झाली. त्यांची क्षमा खटला मागे घ्या म्हणणारी नव्हती, आणि खटल्याने क्षमेला कमीपणा आला नाही. इंदूरकडच्या सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट याच्याही पुढे जाते. 1995 मध्ये त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. मारणारा समुंदर सिंग तुरुंगात असताना सिस्टरांच्या धाकट्या बहिणीने, जी स्वतः सिस्टर आहे, तिथे जाऊन त्याला राखी बांधली. तो तुरुंगातच होता तेव्हा, हे ध्यानात घ्या. आणि खुनानंतर सात वर्षांनी, दुसऱ्या दिवशी नव्हे.

एवढं सगळं समजलं तरी संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर काय करायचं हा प्रश्न उरतोच. तिथे मी स्वतः जे केलं ते सांगतो.

एका मंडळीत असताना छताच्या दुरुस्तीसाठी निधी जमवला होता. मंडळीतल्या एका जबाबदार माणसाने उठवलं की पाळकाने पैसे खाल्ले. हिशेब तपासले गेले, एक रुपया इकडचा तिकडे निघाला नाही. त्या माणसाने मात्र शब्द मागे घेतला नाही. 14 महिने मी वेदीपाशी उभा राहून सगळ्या मंडळीकडून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेत होतो, आणि त्या ओळीला माझे नुसते ओठ हलत होते. मंडळीतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं.

एका वयोवृद्ध पाळकांकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, काय गेलं ते लिहून आण. मी घरी बसून लिहिलं: झोप गेली. उपदेशाला उभं राहण्याचं धैर्य गेलं. आणि मग हाताने आपोआप लिहिलं की माझ्या मोठ्या मुलाने उपासनेला यायचं सोडलं. ते वाक्य लिहीपर्यंत खरं ऋण काय आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी अब्रूसाठी रागावलो आहे असं समजत होतो. तुम्हीही लिहा, ताई. मला वाटतं तुमच्या यादीत जमीन पहिली येणार नाही. ज्या दादाने बोट धरून शाळेत नेलं असेल, त्यानेच ‘इथे सही कर’ म्हणून बोट ठेवलं, ते कदाचित वर येईल.

मग त्यांनी मला स्तोत्र 55 मोठ्याने वाचायला लावलं. निंदा करणारा शत्रू असता तर सोसलं असतं, पण तो तू, माझा सोबती, असं त्यात दावीद म्हणतो, आणि पुढे भयंकर शापही देतो. मी दचकलो. ते म्हणाले, हे स्तोत्र प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, कारण या गोष्टी देवापुढेच बोलायच्या असतात. इथे बोललं नाही तर दुसरीकडे बोलून होतं.

आणि शेवटी एक वाक्य दिलं: ‘देवा, हे ऋण मी तुझ्या नावावर वर्ग करतो, वसुली तुझ्याकडे.’ बँकेत खातं एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग करतात, तसं. खातं बंद झालेलं नसतं, बुडालेलंही नसतं. आता ते माझ्या टेबलावर नसतं, एवढंच. ‘सूड घेणे माझ्याकडे आहे’ असं प्रभू म्हणतो ते रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. पौलाने फिलेमोनाला त्याच्या दास अनेसिमाबद्दल लिहिताना हीच भाषा वापरली: त्याच्याकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड.

हे म्हटल्यावर मला लगेच हलकं वाटलं का? नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सगळं परत टेबलावर होतं. पुन्हा वर्ग केलं. साताच्या सत्तर वेळा म्हणजे 490 वेगवेगळे अपराध असंच मी आधी समजत होतो. आता मला वाटतं, एकच अपराध 490 वेळा आठवतो आणि दर वेळी सोडावा लागतो, हाही त्याचा एक अर्थ आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख सत्त्याहत्तर पटीने सुडाची बढाई मारतो. येशूने ती मोजणी क्षमेकडे फिरवली. माझ्यावर आळ घेणाऱ्या त्या माणसाला मधुमेह होता. त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं तेव्हा मला फक्त त्याच्या साखरेसाठी करता आली, दुसरं काही तोंडातून निघेना. तेवढीच केली. एवढीशी का होईना, ती खरी होती. बऱ्याच महिन्यांनी भाजीबाजारात तो समोर आला आणि माझ्या लक्षात आलं की मी रस्ता बदलला नाही. आमची मैत्री परत झाली नाही. नंतर कधी मी त्याच्या हाती मंडळीचा पैसाही दिला नसता. पण त्या रविवारी त्या ओळीला माझा आवाज फुटला.

तुमचा आवाज अजून फुटत नसेल तर एक सोय शास्त्रानेच केलेली आहे. मत्तयाच्या प्रार्थनेत ‘ऋण सोडले आहे’ असं आहे, झालेल्या कामासारखं. लूकमध्ये, अकराव्या अध्यायात, ‘क्षमा करतो’ असा चालू काळ आहे. ‘सोडले आहे’ हे आज खोटं वाटत असेल तर काही दिवस लूकची प्रार्थना म्हणा. करतो आहे, चालू आहे, संपलेलं नाही.

दादा कधी तुमच्याकडे आला आणि ‘झालं गेलं विसर’ म्हणाला, तर त्याला एक गोष्ट सांगायला विसरू नका. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावं वर्ष योबेलचं आहे; त्या वर्षी गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाते. जुन्या ग्रीक शास्त्रात त्या सुटकेला शब्द वापरला आहे तो आफेसिसच. जक्कय या जकातदाराने येशूला घरी नेलं तेव्हा अन्यायाने घेतलेलं चौपट परत करतो म्हणाला. दादाचा पश्चात्ताप सातबाऱ्यावर दिसला पाहिजे. नुसता डोळ्यांत दिसला तर तो पुरेसा मानू नका.

मुलीला काय सांगायचं? खरं सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला एवढं झेपतं. मामाची निंदा न करता सांगा की मामाच्या हातून आईवर एक अन्याय झाला आहे, आई तो देवाच्या हाती सोपवायला शिकते आहे, आणि अजून तिला ती ओळ म्हणता येत नाही. मग तिला प्रार्थनेतले शब्द दाखवा: आमची भाकर, आमची ऋणे, आम्ही सोडले आहे. सगळी प्रार्थना ‘आम्ही’ची आहे, तिच्यात ‘मी’ एकदाही येत नाही. मंडळी एकत्र प्रार्थना करते ती यासाठीच की एकाचा आवाज बसला तर दुसऱ्याने ओळ उचलावी. आज संध्याकाळी प्रार्थनेला बसाल तेव्हा तिला सांगा, ‘तिथे आई थांबली की तू थांबू नकोस. माझ्या वाटची तू म्हण.’